वहीतला ळ

नवी मुंबईतल्या करावे गावात आम्ही दोघी जन्मलो. बहीण माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठी. गरोदर बाईने जुळे केळे खाऊ नये असे आमच्याकडे मानतात, पण आजी असे केळे आले की आम्हा दोघींसमोर बसून ते हलक्या हाताने मधोमध सोडवी आणि एकेकीच्या हातावर अर्धे अर्धे ठेवी. गावाला आमची नावे क्वचितच लागत. कोणीही दिसली तरी हाक एकच असे, ‘ए जुळी’.

आम्ही आगरी. हे नाव मिठागरांच्या ‘आगर’ या शब्दावरून आले असे मानतात. १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, त्यांत आमचे गावही होते. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्या लढ्यामुळे. हा इतिहास मी कोणत्याही पुस्तकात वाचण्याआधी आजोबांच्या तोंडून ऐकला, आणि तो आगरीत ऐकला.

म्हणून सहावीतला तो दिवस मला आजही बोचतो. वर्गात मी ‘मना पानी पायजे’ म्हणाले, बाई हसल्या आणि त्यांच्यामागोमाग सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी घोकून घोकून ‘ण’ आणि ‘ळ’ जिभेवर बसवले. बहिणीने मात्र आपली बोली तसूभरही बदलली नाही. काही महिन्यांत शाळेला आमच्यातला फरक कळू लागला: शुद्ध बोलते ती धाकटी. जन्मात पहिल्यांदा मला कोणी बहिणीपासून वेगळे ओळखत होते आणि त्याचा मला इतका आनंद झाला की त्यासाठी मी काय देऊन बसले हे पुढची वीस वर्षे लक्षातच आले नाही. मला वेगळे व्हायचे होते ते बहिणीपासून. झाले ते आजोबांपासून.

आमच्याकडच्या लग्नात धवलारीण विधी सांगते आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. तिचे सारे ज्ञान मुखोद्गत असते. बहीण गेली काही वर्षे गावातल्या एका वृद्ध धवलारणीकडे ते शिकत आहे. गेल्या पावसाळ्यात तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. ‘तुजा अक्षर बरा हाय, तू लिव,’ म्हणाली.

ती गाते, मी लिहिते. सवयीने माझ्या हातून ‘डोळा’ उतरतो. ती पेन ओढून घेऊन त्यावर काट मारते आणि ‘डोला’ करते. वहीच्या पहिल्या पानावर मी ‘धवळे’ लिहिले होते. त्या ळवरची तिची काट इतकी जोरात पडली आहे की मागच्या तीन पानांवर तिचा वळ उमटला आहे.