हिराबाईंचं पोस्टर

मतदार नोंदणीच्या पोस्टरचं काम आलं तेव्हा संस्थेच्या ताईंची एकच अट होती: पुढारी नको, नटी नको. मी लगेच हिराबाई बडोदेकरांचं नाव सुचवलं. 1905 साली मिरजेत जन्मलेल्या, 1989 साली पुण्यात गेलेल्या, किराणा घराण्याच्या गायिका हिराबाई. बाईने चारचौघांत गाणं कमीपणाचं मानलं जायचं, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. मला त्यांचं हे धाडस त्यांना मिळालेल्या पद्मभूषणाहून मोठं वाटतं.

रंगांनी मात्र छळलं. भगवा, हिरवा, निळा, सगळेच कुठल्या ना कुठल्या पक्षाचे. शेवटी मतदानाच्या शाईचा जांभळा घेतला, साडीच्या काठाला. शाई हिराबाईंच्याच बोटाला लावा, असंही कुणी सुचवलं. मी साफ नाही म्हटलं. गेलेल्या माणसाच्या हातून आपलं म्हणणं वदवून घ्यायचं नाही. त्यांच्या हातात तानपुराच ठेवला. खाली ठसठशीत अक्षरांत त्यांचं नाव, आणि त्याखाली ‘यादीत तुमचं नाव आहे?’

छपाईच्या दिवशी अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रेसमध्ये होतो. जांभळा काळपट येत होता, मशीनमन शाई कमी-जास्त करत होता. घडीकाम करणाऱ्या मावशींनी एक ताव उचलला.

“दादा, ह्या कोण हो?”

सांगितलं. सांगता सांगता 1951-52च्या पहिल्या निवडणुकीचंही बोललो. तेव्हा सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदार यादीतून गळाली. नोंदणीला आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच.

मावशी ताव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “माझं तरी कुठंय? लग्न होऊन इकडं आले, मग खोल्या बदलत गेलो. घरात मालकांचं कार्ड आहे, माझं नाही.”

मोबाइलवर यादी शोधली. खरंच नव्हतं. मशीन थांबवून आम्ही फॉर्म सहा, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, भरायला बसलो. फोटोसाठी मशीनमनने त्यांच्या मागे कोरा ताव धरला. आधार कार्ड पर्समध्ये होतंच. नाव मात्र मावशींनी मला टाइप करू दिलं नाही, एकेक अक्षर शोधत स्वतःच केलं.

जाताना वस्तीसाठी पाच पोस्टरं मागून नेली. त्याच संध्याकाळी मी ताईंना फोन करून सांगितलं, पोस्टर लावाल तिथं टेबल टाका आणि फॉर्म भरून द्यायला माणूस बसवा. त्यांनी मंडईपासून सुरुवात केली.