पाचव्या रिळातल्या किल्ल्या

फिल्मलाइनमध्ये इंदूर म्हणजे सी.आय.चं, सेंट्रल इंडिया टेरिटरी नावाच्या वितरण-विभागाचं, मुख्य ठाणं. वितरकांच्या कचेऱ्या इथेच. नवी प्रिंट आधी आमच्या शहरात लागायची, मग माळव्यातल्या लहान गावांतून फिरून, खरचटून, तेलकट होऊन दुसऱ्या रनला, म्हणजे दुसऱ्यांदा लागायला, परत यायची. मी तेव्हा एका जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर होतो. २००३ मध्ये 'जिस्म' आणि २००४ मध्ये 'मर्डर' चालला, आणि त्याच वळणाच्या पिक्चरांची रांग लागली. नवरा, बायको, तिसरा माणूस, अंथरूण आणि मग प्रेत. ज्या पिक्चरची ही हकिगत आहे त्याचं नाव देत नाही. पहिल्या रनला तो मीच चालवला होता, त्यामुळे पाठ होता.

प्रिंट आली की डोळ्यांआधी बोटं कामाला लागायची. रीळ रिवाइंडरवर लावायचं, फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीत हलक्या धरायच्या आणि हँडल सावकाश फिरवायचं. कडेचं फाटलेलं छिद्र नखाला अडतं, कुठे जोड दिलाय ते बोटाला कळतं. घाईत चिकटवलेला जोड गेटमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्यासमोरच्या चौकटीत, अडकतो, आणि दिव्यासमोर अडकलेली फिल्म डोळ्यांदेखत फुगून वितळते. माझ्या हातच्या जोडावर पडद्यावरचं चित्र कधी थरथरलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

त्या दिवशी पाचव्या रिळात बोट एका जाड, वेडावाकड्या जोडावर थांबलं. बल्बसमोर धरून पाहिलं. जोडाच्या अलीकडे रात्र, नायक शर्ट काढतोय. पलीकडे थेट सकाळ, चहाचा कप. मधला तुकडा कुणीतरी कात्रीने उडवला होता. मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते, आणि रीळ भरलं दोनशे फुटांच्या आसपास कमी. म्हणजे दोन मिनिटांहून जास्त. सेन्सरने पास केलेला तुकडा होता तो, सर्टिफिकेट 'ए' होतं. वाटेतल्या कुठल्या तरी केबिनमध्ये तो कुणाच्या तरी कपाटात गेला. असले तुकडे जमवणारे ऑपरेटर मी पाहिलेत. त्यांना मी ऑपरेटर मानत नाही.

त्या दोन मिनिटांत काय होतं ते मला माहीत होतं. त्याला झोप लागल्यावर ती हात लांबवते आणि खुर्चीवरच्या शर्टाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून घेते. पुढे खून होतो तो त्याच किल्लीने दार उघडून. ज्याने कापलं त्याने अंग बघून कापलं. त्यासोबत पुरावाच गेला.

प्रिंटबरोबर आलेल्या वितरकाच्या रिप्रेझेंटेटिव्हला मी हे दाखवलं. तो हसला आणि पिशवीतून एक छोटा डबा काढला. आत दुसऱ्याच कुठल्या पिक्चरचा बिट, म्हणजे मधेच घुसवायचा उघडावागडा तुकडा, होता. म्हणाला, "भिया, इंटरवल के बाद ये डाल दो, पब्लिक खुश." मी साफ नकार दिला. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ७ खाली, पास झालेल्या पिक्चरमध्ये ढवळाढवळ केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरं सांगतो, कायदा नसता तरी मी तो बिट जोडला नसता. जिला आपण तासभर ओळखतोय तिच्या जागी मधेच भलतीच बाई आणून निजवायची, हा सिनेमाचा अपमान आहे आणि त्या दोन्ही बायांचाही. मॅनेजर खाली मान घालून तिकिटांचे गठ्ठे मोजत राहिला. पोस्टरवर काळी पट्टी चिकटवायला सांगणारी मंडळी आदल्या दिवशी गेटवर येऊन गेली होती, तेव्हाही तो असाच मोजत होता. पट्टी लावल्यावर गर्दी वाढली, हे वेगळं.

दुपारचा शो सुटल्यावर केबिनच्या जिन्यावर एक काकू आल्या. रामबागेकडच्या, साठीच्या पुढच्या. त्यांचे यजमान चार पायऱ्या खाली, कुणी ओळखीचं बघेल म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे.

"ऑपरेटर तुम्हीच का? मला एक सांगा, सकाळी ती चहा घेते तेव्हा किल्ल्या कुठून वाजल्या?"

मी थक्क झालो. फिल्मवर चित्राशेजारी त्याच चित्राचा आवाज नसतो, वीसेक फ्रेम पुढचा असतो, कारण आवाज वाचणारी खाच गेटच्या खाली असते. म्हणून मधून तुकडा कापला तरी त्याच्या सुरुवातीचा सेकंदापेक्षा कमी आवाज अलीकडच्या फिल्मवर शिल्लक राहतो आणि भलत्याच दृश्यावर वाजतो. कापलेल्या तुकड्याच्या अगदी सुरुवातीला शर्ट खुर्चीवर पडतो आणि खिशातला जुडगा वाजतो. अख्ख्या थिएटरात शिट्ट्या चालू असताना या बाईंनी तो ऐकला होता.

मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि कापलेला प्रसंग सांगितला.

"किल्ल्या घेते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो?"

"किल्ल्यांकडे बघतच नाही ती. झोपलेल्या त्याच्याकडे बघते. डोळ्यांत पाणी असतं."

"म्हणजे तिला तो खरंच आवडत होता," काकू म्हणाल्या. "हे मला कळलंच नाही. मला ती नुसती पाताळयंत्री वाटली."

अशा पिक्चरांवर दोन भांडणं आहेत. एक अंगाचं, ते पोस्टरपाशी होतं आणि सगळ्यांना ऐकू येतं. दुसरं, इच्छा बोलून दाखवणारी बाई दर वेळी खुनीच का निघते, आणि शेवटी मरते का. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'बेसिक इन्स्टिंक्ट'चं शूटिंग चालू होतं तेव्हा समलिंगी संघटनांचे लोक रस्त्यावर उतरले ते याच्याच जवळच्या प्रश्नावर: आमच्यातल्या बाया पडद्यावर आल्या की खुनीच का? १९८७ च्या 'फेटल अट्रॅक्शन'च्या मूळ शेवटात नायकाच्या आयुष्यात आलेली दुसरी बाई स्वतःचा जीव घेत होती. चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून शेवट पुन्हा शूट केला आणि नायकाच्या बायकोच्या हातून तिला गोळी घातली. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा या बदलाला विरोध होता.

हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा. लोकांना तीही हवी आणि तिची शिक्षाही हवी. मी तर म्हणते, बघायला मजा येते ती त्यानेच. आमच्या वयालाही येते. ह्यांना विचारा." जिन्यावरून खोकल्याचा आवाज आला.

"पूर्ण प्रिंट असती तर लोकांना तिची कीव आली असती का हो?"

हो म्हणणार होतो. कापाकापीवर माझा सगळा राग त्याच भरवशावर होता.

"आज ती मेली तेव्हा टाळ्या पडल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या रनला चालवलात ना? तेव्हा?"

तेव्हाही पडल्या होत्या. तो चेहरा पूर्ण दिसला होता, डोळ्यांतलं पाणी दिसलं होतं, आणि शेवटच्या रिळात तरीही टाळ्या पडल्या होत्या. मी त्यांना तसंच सांगितलं.