एका ओवीवरून जमलेले लग्न

मार्गशीर्षात आमचा साखरपुडा झाला. हे लग्न जमले कसे, असे नातेवाईक अजून विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरात तळ दिला आणि त्यातून लष्कर ही वस्ती उभी राहिली. तेथील आम्हा मराठी घरांचे रोजचे बोलणे निम्मे हिंदीत चालते, पण आरती, हरिपाठ आणि पोथी मात्र मराठीतच होते. अशाच एका घरी दर गुरुवारी संध्याकाळी ‘अमृतानुभवा’चे वाचन असते. घरचे काका संथपणे ओवी वाचतात, मग ज्याला जे सुचेल ते त्याने बोलावे, अशी तेथील पद्धत आहे. ग्रंथ जेमतेम ८०० ओव्यांचा, परंतु एकेका ओवीवर अख्खी संध्याकाळ जाते.

पहिल्या प्रकरणात ज्ञानदेवांनी शिव आणि शक्ती यांना वंदन केले आहे. दोन टिपऱ्यांचा नाद एकच, दोन फुलांचा गंध एकच, दोन दिव्यांचा प्रकाश एकच, अशा दृष्टान्तांनी ते त्या दोघांचे ऐक्य सांगतात. त्या दिवशी समोर बसलेला एक मुलगा म्हणाला, “टिपरी एकच असती तर नाद उमटलाच नसता. म्हणजे ज्ञानदेवांनी दोनपण पुसलेले नाही, त्याला कामाला लावले आहे.” मला ते आवडले, तरी पूर्ण पटले नाही. दोन दिव्यांतला एक विझला तरी उजेड राहतो, मग दोन्ही दृष्टान्त एकच गोष्ट कशी सांगतील, असे मी विचारले. त्यावर काही न बोलता त्याने वहीत टिपून घेतले. पुढच्या गुरुवारी वाचन सुरू होण्यापूर्वी तो सर्वांसमक्ष म्हणाला, “दिव्याविषयी तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी टिपऱ्यांपाशीच थांबलो होतो.” वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, कोणी मागितले नसताना, एखाद्याने असे म्हणावे याचे मला फार अप्रूप वाटले. पोह्यांची बशी हातात धरून अर्ध्या तासात माणसाचा हा स्वभाव दिसला असता, असे मला वाटत नाही.

पुढे कळले की तोही ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल शिकतो. बंदिशीची अस्थायी आणि अंतरा नीट मांडल्यावरच विस्ताराला हात घालायचा, ही या घराण्याची शिस्त आम्हा दोघांच्याही गुरूंनी अंगी बाणवली होती. त्यांच्या घरी दत्तभक्ती, गुरुवारी करुणात्रिपदी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल. हा फरक बोलण्याला खाद्यच पुरवीत राहिला.

डिसेंबरात तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी आम्ही हजिऱ्याला समाधीपाशी गेलो होतो. तेथे ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे पठण, एकाच मांडवात होतात. ग्वाल्हेरची ही रीत मला आमच्या गावाचे सर्वांत मोठे वैभव वाटते. हरिकथा संपल्यावर त्याने विचारले, “तुमची हरकत नसेल तर आईला तुमच्या घरी फोन करायला सांगू का?” मी म्हटले, “सांगा. पण लग्नानंतर माझे गाणे आणि गुरुवार सुटणार नाही.” तो म्हणाला, “माझाही सुटायला नको.”

आजीच्या आग्रहाखातर पत्रिका पाहिल्या गेल्या, त्या जुळल्या. साखरपुड्याला ओटी भरून, अंगठ्या घालून झाल्यावर काकांनी तीच ओवी मोठ्याने वाचली आणि आम्हा दोघांना तिचा अर्थ सांगायला लावला. आम्ही दोघांनी दोन वेगळे अर्थ सांगितले.

लग्न वैशाखात आहे. काकांना आता जिना चढउतार करणे जड जाते, म्हणून त्यानंतर वाचन आमच्या नव्या घरी, तळमजल्यावर, व्हावे अशी विनंती आम्ही त्यांना केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. सध्या दुसरे प्रकरण, गुरुस्तवनाचे, चालू आहे. ओळखीच्या ग्वाल्हेरकरांनी कोणत्याही गुरुवारी जरूर यावे.