पानाची डावी बाजू

ह्यांचं बीपी वाढलं तेव्हा डाएटिशियनबाईंनी आठवडाभराचं खाणं वहीत लिहून आणायला सांगितलं. मी इमानेइतबारे लिहिलं. दोन पोळ्या, भेंडीची भाजी, मुगाची आमटी, भात. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "आणि तोंडी लावायला?"

ते मी लिहिलंच नव्हतं. तोंडी लावणं कुणी जेवणात धरतं का?

घरी येऊन केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला. पहिला नंबर लेकाचा. वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि म्हटलं, पराठ्याबरोबर घेतोस तेवढा सॉस घे. 48 ग्रॅम! बाटलीवर 100 ग्रॅमला 27 ग्रॅम साखर छापलेली. म्हणजे 13 ग्रॅम, चहाचे सपाट तीन चमचे. दुधात मी त्याला एक घालते, तोही कुरकुरत. मिठाचा आकडा सोडियममध्ये असतो, त्याला अडीचने गुणायचं. एका वाटीत एक ग्रॅमच्या वर मीठ निघालं, आणि दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅमची.

हे सॉसला शिवत नाहीत, म्हणून ह्यांची मान ताठ. मग मी ह्यांची शेंगदाण्याची चटणी तोलली. 20 ग्रॅम, वर कच्च्या तेलाचा चमचा. दीडशे कॅलरी! लेकाच्या सॉसच्या अडीचपट. लेक टाळ्या वाजवत नाचला. चटणीत चार-पाच ग्रॅम प्रथिनं आहेत, साखर नाही, हे त्याला ऐकूनच घ्यायचं नव्हतं. लोणचं मी तोललं नाही. ते मिठावरच टिकतं, त्याला काटा कशाला?

आजी पान वाढायची तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, बोटाच्या पेराएवढी चटणी. सढळ हात फक्त कोशिंबिरीला. आमच्याकडे कोशिंबीर चमचाभर उरली आणि सॉस डावीकडून भाजीच्या जागी सरकला.

आता चटणीवर तेलाऐवजी दही. लोणचं फक्त रविवारी, त्यावरून अबोला होऊन गेला. मेयोनीज आणणं बंद केलं. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, आणि तिथे तेल होतं. त्याऐवजी चक्क्यात ठेचलेला लसूण आणि मिरपूड फेटून दिली.

"आई, श्रीखंड बिघडलं का गं?" लेकाने विचारलं. वाटी मात्र बोटाने निपटून खाल्ली.