निवेदकावरचा राग आणि रेडिओचं शुल्क

"हा माणूस पाहुण्याला बोलूच देत नाही, आणि याच्यासाठी आम्ही पैसे भरायचे?"

सार्वजनिक रेडिओबद्दल श्रोत्यांची मतं चाळली की हे वाक्य या ना त्या रूपात हटकून भेटतं. त्यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक निवेदकाच्या कामाची, दुसरी पैशाची. दोन्ही रास्त असू शकतात, पण त्या तपासायची रीत वेगळी आणि दाद मागायची जागाही वेगळी. एकाच पत्रात दोन्ही घातल्या की केंद्राचं फावतं. निवेदकाबद्दल विचारलेलं बाजूला राहतं आणि सार्वजनिक प्रसारण समाजाला कसं आवश्यक आहे यावर छापील मजकूर हातात पडतो.

आधी पैशाचं बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९२२मध्ये परवाना सुरू झाला तो रेडिओसाठीच, वर्षाला १० शिलिंग. १ फेब्रुवारी १९७१पासून नुसत्या रेडिओचा परवाना रद्द झाला. आज तिथला परवाना लागतो तो टीव्हीचं थेट प्रक्षेपण बघायला किंवा बीबीसी आयप्लेअर ही इंटरनेटवरून कार्यक्रम बघायची सेवा वापरायला. १ एप्रिल २०२५ला तो वर्षाला १७४.५० पौंड झाला. ज्याच्या घरात टीव्ही नाही आणि जो आयप्लेअर उघडत नाही, त्याने दिवसभर बीबीसीचा रेडिओ ऐकला तरी एक पेनीही द्यावी लागत नाही. म्हणजे रेडिओवरचा निवेदक आवडत नाही म्हणून रेडिओ बंद केला तरी शुल्क सुटत नाही, आणि रेडिओ चालू ठेवला म्हणून ते लागतही नाही. "माझ्या परवान्याच्या पैशातून" हे टीव्ही बघणाऱ्याच्या तोंडी खरं आहे. नुसतं रेडिओ ऐकणाऱ्याच्या तोंडी ते खरं नाही.

जर्मनीने २०१३मध्ये यंत्र मोजणंच सोडून दिलं. घरात रेडिओ असो-नसो, दर घरामागे वर्गणी. २०२१पासून ती महिन्याला १८.३६ युरो. तिची वाटणी बघण्यासारखी आहे: १२.७८ युरो एआरडी या प्रादेशिक संस्थांच्या गटाला, ४.६९ झेडडीएफ या देशव्यापी टीव्ही संस्थेला, ०.५४ डॉइचलांडराडिओला आणि ०.३५ राज्यांच्या माध्यम नियामकांना. डॉइचलांडराडिओ म्हणजे देशभर ऐकू जाणाऱ्या, बातम्या, संस्कृती आणि तरुणांसाठीच्या तीन वाहिन्या. त्या सगळ्या मिळून घरामागे महिन्याला ५४ सेंट. (प्रादेशिक रेडिओ एआरडीच्या वाट्यात येतो, त्यामुळे एकूण रेडिओचा खर्च यापेक्षा जास्त आहे.) अशा वाहिनीवरच्या एका निवेदकावर चिडून कुणी १८ युरोंचा हिशोब मांडू लागला, तर तो बहुतांश टीव्हीचा हिशोब असतो.

जपानने १९६८मध्ये नुसत्या रेडिओचं शुल्क काढून टाकलं. ऑस्ट्रेलियात १९७४मध्ये परवानाच संपला आणि सरकारी अनुदान आलं. स्वित्झर्लंडने हा प्रश्न थेट लोकांपुढे ठेवला. ४ मार्च २०१८च्या जनमतात ७१.६ टक्के मतदारांनी शुल्क बंद करायचा प्रस्ताव फेटाळला. आधी वर्षाला ४५१ फ्रँक असलेलं शुल्क २०१९पासून ३६५ वर आलं आणि २०२१पासून ३३५ वर. हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो, कारण तिथे विचारलेला प्रश्न फक्त शुल्काचा होता. कुठला निवेदक ठेवायचा आणि कुठला काढायचा हे मतपत्रिकेवर नव्हतं.

दोन्ही प्रश्न एकत्र येणं जिथे खरोखरच योग्य होतं, असं उदाहरण आयर्लंडचं. तिथला परवाना २००८पासून १६० युरो. जून २०२३मध्ये आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेने कबूल केलं, की तिच्या सर्वाधिक मानधनाच्या निवेदकाला २०१७ ते २०२२ या काळात जाहीर आकड्यांपेक्षा एकूण ३,४५,००० युरो जास्त दिले गेले होते. हा निवेदक सकाळी रेडिओवर आणि आठवड्याला टीव्हीवरच्या टॉक शोमध्ये घराघरात पोचलेला. बातमी फुटल्यावर अनेकांनी परवान्याचं नूतनीकरण केलंच नाही, वसुली घसरली. इथे लोकांचा राग बोलण्याच्या ढंगावर नव्हता, चुकीच्या आकड्यांवर होता. ज्याच्या पैशातून मानधन जातं त्याला खरा आकडा कळलाच पाहिजे. मात्र पुढे काय झालं तेही ध्यानात घ्यावं. जुलै २०२४मध्ये सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ७२.५ कोटी युरो ठरवले, काही परवान्यातून, उरलेले सरकारी तिजोरीतून. १६० युरो न भरणाऱ्यालाही करातून भार उचलावाच लागला.

अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओचा प्रकार निराळा. परवाना नाही, केंद्रं श्रोत्यांच्या ऐच्छिक देणग्यांवर बऱ्याच अंशी चालतात. बर्कलीच्या केपीएफए केंद्राने १९४९मध्ये ही वाट पाडली. वर्षातून काही दिवस निवेदक स्वतःच कार्यक्रम थांबवून देणगी मागतो. इथे निवेदकाची लोकप्रियता थेट गल्ल्यात दिसते, आणि नेमका तोच धोका आहे. देणगीदारांना न रुचणारा पाहुणा बोलवायला हात आखडतो.

आपल्याकडे रेडिओ लायसन्स होतं हे आता पन्नाशीच्या आतल्यांना सांगावं लागतं. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं. लायसन्स वर्षाला १० रुपये, त्यातला मोठा हिस्सा कंपनीला. लायसन्स काढणारे थोडे, न काढता ऐकणारेही होते. १९३०च्या मार्चमध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि एप्रिलपासून सरकारने प्रसारण हाती घेतलं. पुढे कित्येक दशकं पोस्टात जाऊन लायसन्सचं नूतनीकरण करावं लागे. ते १९८०च्या दशकाच्या मध्याला कायमचं बंद झालं. आज आकाशवाणी प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारण महामंडळात आहे आणि तिचा मोठा खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून भागतो. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं एवढंच. त्यामुळे चालू घडामोडींवरच्या चर्चेसाठी एफएमच्या श्रोत्यापुढे सरकारी अनुदानावरचा एकच पर्याय उरतो. माझ्या मते शुल्क नसणं हा इथे फायदा ठरलेला नाही. पावती हातात असणारा श्रोता हक्काने विचारतो. पावती नसणारा विचारायचंच विसरतो.

आता निवेदक.

"फार बोलतो" ही तक्रार मोजता येते, आणि ती मोजूनच करावी. स्टॉपवॉच घ्या, कार्यक्रमाची सलग २० मिनिटं निवडा, निवेदकाचा आवाज सुरू झाला की चालू करा, थांबला की बंद. गाणी, जाहिराती आणि बातम्या सोडून द्या. शेजारी कागदावर तीन खुणा ठेवा: किती प्रश्न विचारले, त्यातले किती अर्ध्या मिनिटापेक्षा लांब होते, आणि किती वेळा पाहुण्याचं वाक्य अर्धवट तोडलं. एकाच दिवसावर जाऊ नका. निदान तीन भाग मोजा, कारण एखादा पाहुणाच अबोल असतो आणि निवेदकाला एकट्याने गाडा ओढावा लागतो. मुलाखतीत निवेदकाचा वाटा तिसऱ्या हिश्शापेक्षा वर गेला की मला तरी खटकतं. फोन-इनमध्ये, म्हणजे श्रोते फोन करून बोलतात त्या कार्यक्रमात, तो याहून जास्त असणं साहजिक आहे.

"मध्येच तोडतो" या तक्रारीत मात्र घाई करू नये. श्रोत्याला ऐकू न येणाऱ्या बऱ्याच गोष्टी स्टुडिओत घडत असतात.

निवेदकाच्या कानातल्या हेडफोनमध्ये निर्माता टॉकबॅकवरून, म्हणजे श्रोत्यांना ऐकू न जाणाऱ्या आतल्या जोडणीवरून, बोलत असतो: "चाळीस सेकंद", "पुढचा फोन तयार", "हे नाव घेऊ नको". बोलता बोलता निवेदक अडखळतो किंवा ऐकलेलाच मुद्दा परत विचारतो, तेव्हा पुष्कळदा कानात दुसरा आवाज आलेला असतो. तासाच्या ठोक्याला बातम्या लागायच्या असतील तर त्या संगणकावर वेळ लावून ठेवलेल्या असतात. निवेदक गप्प बसला नाही तरी त्या सुरू होतात. म्हणून ५९व्या मिनिटाला पाहुण्याला तोडणं हा उर्मटपणा नसतो. खरी चूक आधीच्या पाच मिनिटांत झालेली असते, शेवटचा प्रश्न लांबलचक उत्तराचा विचारल्याची. तक्रार करायची तर त्या प्रश्नाची करावी.

फोनवरच्या माणसाचं आणखी वेगळं. मोबाइलवरून आवाज जायला-यायला सेकंदाचा काही अंश लागतो. फोन करणारा क्षणभर थांबला, निवेदकाला वाटलं संपलं, त्याने सुरुवात केली, तोवर पलीकडच्याचं पुढचं वाक्य निघालेलं असतं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळतात, आणि घरी ऐकणाऱ्याला वाटतं की निवेदकाने गळा दाबला. त्यात भर म्हणजे काही जुन्या टेलिफोन हायब्रिडमध्ये (फोनची लाइन स्टुडिओला जोडणारं यंत्र) निवेदक बोलू लागला की फोनची पातळी आपोआप खाली जाते. निवेदकाने नुसतं "हं, हं" म्हटलं तरी पलीकडचे शब्द गिळले जातात. अनुभवी निवेदक म्हणूनच फोन चालू असताना हुंकार देत नाही. हा फरक कान देऊन ऐकला की कळतो: हुंकारासरशी फोनचा आवाज बुडत असेल तर दोष यंत्राचा, निवेदक पूर्ण वाक्य रेटत असेल तर दोष त्याचा.

फोन करणाऱ्याला स्टुडिओतून जो आवाज पाठवतात त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला असतो. याला मिक्स मायनस म्हणतात. ती जोडणी चुकली तर त्याला आपलाच आवाज उशिराने ऐकू येतो आणि तो चाचरत थांबतो. घरचा रेडिओ चालू ठेवून फोन केला तरी हेच होतं. इंटरनेटवरून ऐकत असाल तर आणखी वाईट, कारण तिथे आवाज कित्येक सेकंद मागे असतो. त्यातच काही केंद्रं थेट कार्यक्रम मुद्दाम काही सेकंद उशिराने सोडतात, आक्षेपार्ह शब्द आला तर बटण दाबून गाळता यावा म्हणून. तेव्हा "आधी रेडिओ बंद करा" असं निवेदक दरडावून सांगतो त्यामागे हे कारण असतं. सौम्य शब्दांत सांगता आलं असतं हे खरं, पण सांगणं भाग असतं.

या सगळ्यातून पार पडून उरते ती खरी तक्रार. पाहुण्याचं नाव मध्ये मध्ये न सांगणं, ज्यामुळे उशिरा रेडिओ लावणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही. प्रश्नात स्वतःचं मत भरून शेवटी "बरोबर ना?" जोडणं. एका बाजूच्या पाहुण्याला "साहेब" आणि दुसऱ्याला नुसतं आडनाव. आकडा ऐकल्यावर तो कुठला, कोणत्या वर्षाचा हे न विचारणं. आवाज, उच्चार आणि हसण्याची लकब यांवरच्या पत्रांचा उपयोग सर्वांत कमी होतो. निवेदक बाईंच्या आवाजावर जितकं लिहिलं जातं, तितकं पुरुषांच्या आवाजावर कुणी लिहीत नाही, हेही नोंदवायला हवं.

पत्र कसं असावं? "आपला कालचा कार्यक्रम अत्यंत एकतर्फी होता" याला उत्तर देता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: "मंगळवारच्या सकाळच्या चर्चेत ९ वाजून ४२ मिनिटांनी निवेदकांनी पाहुण्यांना विचारलं, 'ही योजना फसलीच आहे, तर आता पुढे काय?' योजना फसली हे त्याआधी कार्यक्रमात कुणीही सिद्ध केलं नव्हतं. पाहुण्यांनी हरकत घेतल्यावर विषय बदलला. हा प्रश्न संपादकीय निकषांत बसतो का, ते कळवावं." वार आणि तारीख, घड्याळातली वेळ, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि शेवटी एकच मागणी. इंटरनेटवर ऐकलं असेल तर तसं नमूद करा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये शोधणारा थोडं मागे जाऊन बघेल.

उशीर करू नका. बीबीसीकडे तक्रार साधारणपणे प्रक्षेपणापासून कामकाजाच्या ३० दिवसांत करावी लागते. आधी त्यांच्याकडेच जायचं, तिथे समाधान झालं नाही तरच ऑफकॉम या ब्रिटनच्या प्रसारण नियामकाकडे. ऑफकॉमच्या नियमाप्रमाणे रेडिओ केंद्रांना प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण ४२ दिवस ठेवावं लागतं. त्यानंतर पुरावा नसला तर दोष कुणाचाच नाही.

शुल्काचं मत वेगळ्या पाकिटात घाला आणि वेगळ्या दारी टाका. ब्रिटनमध्ये परवान्याची रक्कम बीबीसी ठरवत नाही, सरकार ठरवतं. बीबीसी ज्या शाही सनदेवर चालते ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ला संपते, त्यामुळे ते मत खासदाराला आणि सनदेच्या फेरविचाराला कळवायचं. आपल्याकडे आकाशवाणीवर किती खर्च होतो हे विचारायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. प्रसार भारती सार्वजनिक प्राधिकरण आहे, केंद्राच्या नियमांप्रमाणे अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्या अर्जात "का" विचारू नका, कागदोपत्री असलेली माहिती मागा: अमुक केंद्रावर अमुक आर्थिक वर्षात नैमित्तिक निवेदकांना एकूण किती मानधन दिलं, किती ड्युट्यांसाठी, आणि दर ठरवणाऱ्या आदेशाची प्रत.

पहिल्या पत्राला साचेबंद उत्तर आलं तर नवं पत्र लिहू नका. त्याच पत्राची तारीख आणि संदर्भ क्रमांक घालून एवढंच विचारा, की ९ वाजून ४२ मिनिटांचं रेकॉर्डिंग कुणी ऐकलं का, आणि ऐकलं असेल तर त्यांना काय आढळलं.