चौकटीतलं आणि चौकटीबाहेरचं

गुरुवार, रात्र

सकाळी दरीत उतरलो तेव्हा धुकं होतं आणि सगळी खोडं निथळत होती. लायकेन म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून झालेला जीव; झाडांवरच्या त्याचीच नोंद मी करते आहे. ते ओलं झालं की ओळखायला अवघड जातं. कोरडं असताना राखाडी दिसणारा तुकडा पाणी प्यायला की हिरवा होतो, कारण वरचा बुरशीचा थर पारदर्शक होऊन आतलं शैवाल दिसू लागतं. रंगावर भरवसा ठेवला की फसलंच. म्हणून मी प्रत्येक झाडापुढे आधी ‘ओलं’ किंवा ‘कोरडं’ लिहिते, मग बाकीचं.

आज सहा झाडं झाली. जमिनीपासून एक मीटरवर शिडीसारखी चौकट लावायची, १० सेंटिमीटरचे पाच चौकोन एकावर एक. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही बाजूंना. झाडामागे २० चौकोन, आणि कोणती जात त्यातल्या किती चौकोनांत सापडली ते मोजायचं. रिकामा चौकोनही शून्य म्हणून लिहायचा.

चौथ्या झाडापाशी जीव कासावीस झाला. चौकटीच्या वर जेमतेम चार बोटांवर उस्नियाचा, म्हणजे दाढीसारख्या लोंबणाऱ्या लायकेनचा, झुबका लोंबत होता, दाट, फिकट पोपटी, टोकांना पाण्याचे थेंब. चौकटीत मात्र करड्या भुकटीसारख्या लायकेनचे दोन डाग आणि उरलेली नुसती साल. चौकट जरा वर सरकवावी असं फार वाटलं. नाही सरकवली. एकदा असं करायला लागलं की दहा झाडांनंतर वहीत दरी उरत नाही, आपली आवडनिवड उरते. झुबका समासात ‘चौकटीबाहेर’ म्हणून लिहिला.

खाली पडलेल्या फांदीवर त्याचाच एक तुकडा मिळाला. त्यातला एक धागा दोन्ही चिमटीत धरून हळूच ओढला. वरची साल कडकडीत तुटली आणि आतून पांढरा दोरा रबरासारखा ताणला गेला. उस्नियाची ही खूण कितीही वेळा पाहिली तरी मला पुन्हा पाहावीशी वाटते.

दुपारी ऊन पडल्यावर पानासारख्या पसरट लायकेनकडे वळलो. गेल्या वर्षी दोन जाती मी एकच समजून लिहिल्या होत्या, ते अजून डाचतं. आज दोन्हींची वरची साल ब्लेडच्या टोकानं खरवडली आणि आतल्या पांढऱ्या गाभ्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एकेक थेंब सोडला. एकीत काहीच झालं नाही. दुसरीत गाभा आधी पिवळा झाला आणि बघता बघता लालभडक. दहापट भिंगातूनही ज्या जुळ्या बहिणी वाटत होत्या, त्या एका थेंबानं वेगळ्या झाल्या. गेल्या वर्षीची पाकिटं आता सगळी पुन्हा उघडावी लागणार. उघडीन.

रस्त्याकडेच्या दोन झाडांवर उस्निया कुठेच नाही, चौकटीबाहेरही नाही. १८६६ मध्ये नायलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेनं पाहून हवेच्या शुद्धतेशी त्यांचं नातं जोडलं होतं. लायकेनला मुळं नाहीत, पानावर असतो तसा मेणाचा थर नाही. पाणी आणि क्षार जसे हवेतून घेतं, तसंच हवेतलं विषही घेतं. तरी दोन झाडांवरून मी धुराला दोष देणार नाही. तिथे ऊन जास्त आहे, साल वेगळी आहे, धुकंही तिथवर पोचत नसेल. आतल्या बाजूला त्याच जातीची, तेवढ्याच घेराची झाडं शोधून तुलना करायला हवी.

आता कागदाची पाकिटं पसरून ठेवली आहेत. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि बुरशी धरते, म्हणून कागदच. अकरा पाकिटांवर तारीख, उंची, झाड, दिशा लिहून झाली. बाराव्यात चिमूटभर करडी भुकटी आहे, चौथ्या झाडाच्या उत्तरेकडच्या तिसऱ्या चौकोनातली. तिच्यावर फळं, म्हणजे बीजाणूंच्या वाट्या, नाहीत, कडा नाही, थेंबानं रंगही बदलला नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं आहे.