एका ‘थेरपी’ शब्दापायी ४१ दिवस अडकलेला आमचा फ्लोट पॉड: माझा अनुभव

पॉड बसवून आता चार महिने झाले, रोज चालतोय, येणारी माणसं खूश होऊन जातात, तरी तो कस्टम्समध्ये अडकला त्या ४१ दिवसांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही म्हणून शेवटी लिहायला बसले. गोव्यात किंवा कोकणपट्टीत कुणी आपल्या सेंटरसाठी फ्लोटेशनचं मशीन घ्यायचं म्हणत असेल तर त्याचा एक दिवस जरी वाचला तरी मला बरं वाटेल.

आमचं शिवोलीला योग आणि मसाजचं छोटं सेंटर आहे, जुनं घर, खाली चार खोल्या. दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूला मी पहिल्यांदा फ्लोट केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २५-३० सेंटिमीटर खोल पाणी, त्यात एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट इतकं विरघळवलेलं की मीठ आणि पाणी जवळजवळ समान वजनाचं होतं, तापमान ३४ ते ३५.५ डिग्री म्हणजे आपल्या त्वचेइतकंच, वर अंधार आणि शांतता. माणूस नुसता तरंगत पडतो, पोहता यावं लागत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत जॉन लिली नावाच्या शास्त्रज्ञाने ही टाकी पहिल्यांदा बनवली. मी तासाभराने बाहेर आले तेव्हा सतत फोन आणि मोटारींच्या आवाजात राहणाऱ्या माझ्या डोक्यात कितीतरी दिवसांनी काहीच चालू नव्हतं. तिथेच ठरवलं, हे शिवोलीला आणायचं.

बघायला गेलं तर तीन प्रकार मिळतात. झाकणाचा पॉड, उभं राहून आत जाता येतं अशी केबिन, आणि झाकणच नसलेला उघडा पूल. पॉडला जागा कमी लागते आणि गरम हवा आतच राहते म्हणून वीज कमी जाते. केबिनमध्ये वयस्क माणसाला किंवा बंद जागेला घाबरणाऱ्याला सोपं पडतं. उघड्या पूलला अख्खी खोलीच ऊबदार आणि दमट ठेवावी लागते, ते आमच्या घरात जमण्यासारखं नव्हतं. मी पॉड घेतला, झाकण आतून एका हाताने उचलता येतं की नाही ते व्हिडिओ कॉलवर तीनदा उघडून दाखवायला लावलं. कोटेशन, पैसे, जहाज, सगळं व्यवस्थित झालं. युरोपातली कंपनी, मशीन २३० व्होल्ट ५० हर्ट्झचं. हे मुद्दाम लिहिते कारण अमेरिकेचे काही पॉड १२० व्होल्ट ६० हर्ट्झचे असतात, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं पण हर्ट्झ जुळत नाही, मग पंपाची मोटर हळू फिरते.

आता मुख्य गोष्ट.

ऑगस्टच्या सुरुवातीला माल बंदरात उतरला. एकच पेटी म्हणून शेअर कंटेनरमधून आलेला. कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या आमच्या क्लिअरिंग एजंटने बिल ऑफ एन्ट्री म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे द्यायची माहिती भरली आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, "मॅडम, कस्टम्सची क्वेरी आली." मला वाटलं ड्युटीचं काहीतरी असेल. क्वेरी अशी होती की ही वस्तू मेडिकल डिव्हाइस आहे का, असल्यास नोंदणी दाखवा.

कारण काय, तर इनव्हॉइसवर वस्तूचं नाव ‘फ्लोटेशन थेरपी पॉड’. आणि सोबत जोडलेल्या ब्रोशरच्या तिसऱ्या पानावर कंपनीने हौसेने लिहिलेलं की सांधेदुखी, निद्रानाश, ब्लडप्रेशर ह्या सगळ्यांवर उपचार. मी ते पान दहा वेळा बघितलं होतं, फोटो छान आहेत म्हणून सेंटरच्या फळीवर लावायला प्रिंटही काढलेलं, आणि त्या ओळींकडे माझं लक्षच गेलं नाही.

नियम नंतर समजला. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, आणि एखादी वस्तू उपकरण आहे की नाही हे ती बनवणारा ती कशासाठी आहे म्हणतो त्यावर बरंचसं ठरतं. म्हणजे आराम मिळण्यासाठी म्हटलं तर एक गोष्ट, आजार बरा करण्यासाठी म्हटलं तर वेगळीच. कंपनीने स्वतःच छापील लिहून दिलं होतं की आजारासाठी आहे. मग विचारणाऱ्याने विचारलं तर त्याची चूक काय.

मी एजंटला म्हटलं, चला, मी येते, त्या अधिकाऱ्यांना भेटून समजावते. तो म्हणाला, "मॅडम, आता फेसलेस आहे, आपली फाईल कुठल्या शहरातला अधिकारी बघतोय तेसुद्धा आपल्याला माहीत नसतं." २०२० पासून हे असं आहे. सगळं उत्तर कॉम्प्युटरवर लिहूनच द्यायचं, आणि एक उत्तर गेलं की दोन-तीन दिवस नुसतं स्टेटस बघत बसायचं. मी सकाळी चहाच्या आधी स्टेटस बघायचे, रात्री झोपताना बघायचे. पहिल्या उत्तराला पाच दिवस लागले आणि मग दुसरी क्वेरी, की वर्गीकरण ९०१९ खाली कसं केलं. कस्टम्सच्या यादीत प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एक आकडा असतो, ड्युटी त्यावर ठरते. ९०१९ म्हणजे मेकॅनोथेरपी (यंत्राने करायचे व्यायामोपचार) आणि मसाजची यंत्रं. एजंटने स्वतःच्या डोक्याने तो आकडा टाकलेला, मला विचारलंच नव्हतं. प्लास्टिकचे बाथटब ३९२२ मध्ये येतात. आमचा पॉड फायबरग्लासचा, त्याला पंप, हीटर, फिल्टर, तर तो टब की यंत्र ह्यावर आणखी सहा दिवस गेले. कृपा करून हा आकडा ऑर्डर देण्याआधी एजंटकडून लेखी घ्या आणि कारण विचारा. चांगला एजंट कारण सांगतो, आमचा "असंच टाकतात" म्हणाला.

शेवटी असं ठरलं की कंपनीकडून घोषणापत्र आणायचं, ही वस्तू आराम आणि विश्रांतीसाठी आहे, कुठल्याही आजाराच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी नाही. मी त्याच रात्री मेल टाकला. उत्तर आलं ते ऑटोमॅटिक, ऑगस्टमध्ये कारखाना बंद, तीन आठवडे सुट्टी. पैसे घेताना जी मुलगी रोज दोनदा मेसेज करायची तिचाही फोन बंद.

इकडे गोदामाचं भाडं चालू. पहिले काही दिवस फुकट, मग आठवड्यागणिक दर वाढत जातो. बाहेर पाऊस कोसळतोय, ऑक्टोबरला सीझन सुरू होणार, ज्या खोलीसाठी मी टाईल्स, ड्रेनेज, वेगळी वायरिंग सगळं करून ठेवलेलं ती रिकामी, आणि सासूबाई रोज जेवताना विचारायच्या, "अगो, ते तुझं मिठाचं यंत्र खंय पावलं?" त्यांना काळजीच होती, पण मला तेव्हा ते ऐकवत नसे, ताट घेऊन उठायचे.

चोविसाव्या दिवशी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मशिनरी मागवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली अर्ज करून क्लिअरन्स लांबलेला माल ३० दिवसांपर्यंत सार्वजनिक वेअरहाऊसमध्ये हलवता येतो, तिथलं भाडं बरंच कमी पडतं. चोविसाव्या दिवशी! एजंटला विचारलं तर म्हणे हो असतं तसं. मग मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? मी त्या दिवशी फोनवर इतकी ओरडले की नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला. अर्ज केला, माल हलला, निदान भाड्याचा आकडा सांभाळता आला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कारखाना उघडला आणि दोन दिवसांत घोषणापत्र आलं. उघडून बघते तर त्यात पहिली ओळ, ‘आमचा फ्लोटेशन थेरपी पॉड उपचारासाठी नाही’. परत तोच शब्द! मी ते पुढे पाठवलंच नाही. रात्री बसून स्वतः मसुदा लिहिला, वस्तूचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर, कशासाठी, कशासाठी नाही, कुठे वापरणार, आणि सोबत त्यांना ब्रोशरचं तिसरं पान दुरुस्त करून द्यायला सांगितलं, कारण नुसतं पत्र बदललं आणि ब्रोशर तेच राहिलं तर तिसरी क्वेरी आलीच असती. त्यांनी लेटरहेडवर घेतलं, सही करून पाठवलं. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं, त्यांच्याकडून पत्र मागायच्या ऐवजी मसुदाच पाठवायचा. पण खोटं काही लिहून घेऊ नका हं. तुमचं मशीन खरंच उपचारासाठी म्हणून विकायचं असेल तर नोंदणीच करावी लागेल. आम्ही पहिल्यापासून विश्रांतीसाठीच म्हणतोय, आमच्या रेटकार्डावर एकाही आजाराचं नाव नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी मी डिचोलीला माहेरी होते, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी दोन दिवसांवर, आईबरोबर नेवऱ्या करत होते, हात पिठाचे, आणि एजंटचा स्क्रीनशॉट आला, आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सने माल सोडला. मी तशीच पिठाच्या हाताने फोन धरून अंगणात गेले आणि रडले. आईने काही विचारलं नाही, पाणी आणून दिलं.

चवथ झाल्यावर ट्रक आला. आमच्या वाटेत तो वळला नाही म्हणून मोठ्या रस्त्यावरून हायड्रा क्रेन लावून आणावा लागला. पॉडचं खालचं शेल दीड मीटर रुंद आणि आमचं दार एक मीटर दहा. हे मला आधीच माहीत होतं म्हणून खिडकीची चौकट काढून ठेवलेली, त्यामुळे एका दुपारचं काम झालं. दार, वळण, जिना सगळं टेपने मोजा. सुटे भाग आत नेऊन जोडायच्या केबिनला हा त्रास नाही.

जिन्यावरून आठवलं, वरच्या मजल्यावर ठेवायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. शेल, पाणी, मीठ, माणूस धरून सव्वा ते दीड टन होतं, आमच्या मापाने चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास, आणि आयएस ८७५ ह्या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे घरगुती खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलोच धरतात. आम्ही तळमजल्यावरच ठेवला.

इम्पोर्ट करायला लागणारा आयईसी कोड (आयात-निर्यातदाराचा नंबर) ऑनलाइन ५०० रुपयांत होतो, त्यात अडचण नाही, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा विसरू नका. परदेशी पैसे पाठवणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा १४ आकडी एडी कोडही माल निघायच्या आधी त्या बंदरासाठी नोंदवून घ्या.

मीठ. आमच्या भाटात म्हणजे माडांच्या बागेत माड पिवळे पडले की जे मॅग्नेशियम सल्फेट घालतात ते खताच्या दुकानात स्वस्त मिळतं, आणि मला दोघांनी सांगितलं तेच घाल म्हणून. घालू नका. त्यात लोह आणि माती असू शकते, पाणी तपकिरी होतं, फिल्टर तुंबतो. आम्ही फार्मा ग्रेड घेतलं, २५ किलोच्या २० पिशव्या, प्रत्येक बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट मागून. घनता हायड्रोमीटरने मोजते, १.२५ ते १.२८ मध्ये ठेवते.

आणि ते पाणी कधी बदलायची वेळ आली तर विहिरीजवळ किंवा झाडांत सोडू नका, अर्धा टन मीठ आहे ते. आम्ही टँकरवाल्याशी आधीच बोलून ठेवलंय.

मशीन निवडताना आता मी सगळ्यात आधी पंप बघेन. हे पाणी जड असतं, साधा स्विमिंग पूलचा पंप त्याला टिकत नाही, सीलमध्ये मिठाचे खडे होतात आणि गळायला लागतो. मॅग्नेटिक ड्राइव्हच्या पंपाला शाफ्टचं सीलच नसतं, तो घ्या. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये टाकीतलं सगळं पाणी निदान तीन वेळा फिल्टरमधून गेलं पाहिजे, त्याला किती मिनिटं लागतात ते मिनिटांत विचारा, "लवकर होतं" हे उत्तर घेऊ नका, त्यावरच दिवसाला किती सेशन बसतील ते ठरतं. पाण्यातले जंतू मारायला आमच्याकडे यूव्ही दिवा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. हीटर टायटॅनियमचा, स्क्रू-बिजागऱ्या ३१६ स्टीलच्या, ३०४ नको, आधीच आपल्याकडे खारी हवा आणि त्यात हे मीठ. टाईल्सच्या फटीत इपॉक्सी भरा, नाहीतर मीठ फटीतून चढत भिंतीपर्यंत जातं.

पावसाळ्यात वीज जाते हे तर आपल्याला सांगायला नको. हीटर बंद पडून पाणी गार झालं की मीठ तळाला आणि पाइपात बसायला लागतं. घरच्या इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही, आम्ही जनरेटरवर घेतलाय, आणि एसी त्या खोलीत रात्रीचा बंद ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, पॉडसाठी वेगळा, पाण्यात माणूस झोपणार आहे, तिथे काटकसर नको.

फिल्टरची काडतुसं आणि एक अख्खा जास्तीचा पंप त्याच पेटीत मागवून घ्या. मी काडतुसं मागवली, पंप नाही मागवला.

सीझन चांगला जातोय म्हणून दुसऱ्या पॉडची बोलणी सुरू केलीत, ह्या वेळी एजंट दुसरा. कालच कंपनीचं प्रोफॉर्मा इनव्हॉइस म्हणजे आगाऊ कच्चं बिल आलं. पहिल्या ओळीत परत ‘थेरपी’. लाल पेनाने खोडून, फोटो काढून, दहा मिनिटांत परत पाठवलं, आणि दुरुस्त होऊन आल्याशिवाय ॲडव्हान्स भरणार नाही असं लिहिलं.